दुपारच्या दोन भाकरी

"मग दोष कुणाचा, अप्पा?"

दोष प्राध्यापक मन्मथ उटगे यांचाच होता, आणि विचारतही तेच होते. मोठी माणसं असं विचारतात तेव्हा त्यांना उत्तर नको असतं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव हवं असतं.

गुरलिंगअप्पांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. ते मठाच्या स्वयंपाकघरात चुलीतली राख ओढत बसले होते. मठाचे स्वामी वेगळे, गादीवर बसणारे. अप्पा नुसते चुलीचे. रोज दुपारी येईल त्याला मठात जेवण, म्हणजे दासोह. पन्नास वर्षं तो अप्पांच्याच हातचा.

"काहीतरी बोला की."

"जेवलास का?"

"मी जेवणाचं विचारायला आलो नाही, अप्पा."

"मग मघापासून कशाचं विचारलालास?"

सरांनी तळहात रुमालाला पुसले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कॉलेजचा उपप्राचार्य, आणि या एका म्हाताऱ्यापुढे अजून त्यांच्या तळहाताला घाम सुटायचा.

अप्पांनी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. सांगताना स्वतःची बाजू नीट घडी घालून वर ठेवली होती, इस्त्रीच्या शर्टासारखी.

कॉलेजच्या होस्टेलची मेस त्यांच्याकडे होती. गेल्या जूनमध्ये मेसच्या मागे खरकट्याचं पिंप त्यांनी पाहिलं. पोळ्या, भात, वरण, सगळं एकात एक, वर माशा. त्यांचं डोकंच फिरलं. यात खोटं काही नव्हतं, राग खराच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटं धुवायच्या जागी वजनकाटा ठेवला. टाकणाऱ्याचं ताट सगळ्यांसमोर तोलायचं. कुपन आदल्या दिवशी घ्यायचं, आणि जेवढी कुपनं तेवढ्याच पोळ्या. दाराशी फळा लावला : आज वाया गेलेलं अन्न. जूनमध्ये फळ्यावर एकतीस किलो होतं. दिवाळीला चार. जानेवारीत शून्य.

त्या शून्यावर सरांनी किती भाषणं केली त्याला मोजदाद नाही. प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं : "मी अशा मठातून आलोय, जिथं माणूस ताट धुऊन पितो."

ते मात्र खरं आहे. मठात जेवण झालं की ताटात थोडं पाणी घ्यायचं, बोटांनी कडेकडेनं फिरवायचं आणि पिऊन टाकायचं. शीत राहत नाही.

मेसमध्ये एकच माणूस सरांना नडत होतं. सोजरबाई, स्वयंपाकाची मुख्य बाई. कुपनं कितीही असोत, तिच्या पोळ्या रोज दोन डझन जास्तच व्हायच्या. सरांनी तिला दोनदा लेखी समज दिली. विचारलं, की बाई, तुम्हाला मोजता येत नाही का? ती म्हणाली, हाताला सवय आहे सर. तिसऱ्यांदा सरांनी तिला काढून टाकलं आणि सवय मोडली.

मग फेब्रुवारीत, रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला, सुकेशनी गवारे नावाची मुलगी टेबलाच्या कडेवर डोकं आपटून खाली पडली.

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. वर्गात पहिली. होस्टेलला नव्हती, होस्टेलचे पैसे कुठून आणणार? गावात चौघींत एक खोली. डॉक्टर म्हणाले, पोटात दोन दिवस काही नाही.

तेव्हा कुठं चौकशी झाली. दुपारी तीन वाजता, मेस बंद झाल्यावर, मागच्या दारानं अशी एकोणीस मुलं यायची. सोजरबाईला भांडी घासू लागायची. भांडी झाली की उरलेलं खायची आणि तासाला जाऊन बसायची. पिंपात पडत होतं त्यातलं काही या मुलांच्या तोंडचं नव्हतं. त्यांचं वेगळं, झाकून ठेवलेलं असायचं. सरांनी पिंप बंद केलं आणि त्याच्याबरोबर हेही.

उपप्राचार्यांना हे ठाऊक नव्हतं. शिपायाला होतं. शिपायाला कोण विचारतो?

"मी हातावर हात ठेवून बसलो नाही, अप्पा. लगेच योजना काढली. गरजू मुलांसाठी वेगळी खिडकी, वेगळं टोकन. एक फॉर्म भरायचा, फोटो लावायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा. बस. रोज दोनशे ताटं."

"किती आली?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

"अकरा दिवस झाले... एकही नाही."

"अन् दोनशे ताटांचं काय केलंस?"

त्याचं उत्तर फळ्यावर होतं. शून्य जाऊन तिथं पुन्हा आकडा चढला होता, जूनपेक्षा मोठा.

मठाच्या अंगणात कुणीतरी हंडा आदळला.

सरांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढला. सुकेशनीच्या वडिलांचा अर्ज. मुलीचं नाव कमी करून दाखला द्यावा, ही विनंती. सोमवारी सरांची सही. एकदा ती सही झाली की शिक्षण संपलं, उन्हाळ्यात लग्न, हे अर्जात लिहिलेलं नव्हतं एवढंच.

"तुम्ही एकदा चला माझ्याबरोबर तिच्या गावी. तुमचा शब्द तिचा बाप मोडणार नाही. पोरगी हट्टी आहे, अप्पा. मी स्वतः दवाखान्यात फॉर्म घेऊन गेलो होतो. मी, उपप्राचार्य. फॉर्म हातात दिला, तर म्हणते काय..."

"काय म्हणते?"

"म्हणते, सर, मी उपाशी नव्हते. मी भांडी घासायला यायचे." सरांचा आवाज चढला. "सलाईन लावलेलं आहे हाताला, आणि तोंडावर खोटं बोलते."

राख ओढणारा हात थांबला.

"तू घरी काय सांगायचास?"

"मी? कशाबद्दल?"

अप्पांनी कोपऱ्यातल्या मोठ्या पातेल्याकडे हनुवटी केली.

"ते घास आधी. बाई आली न्हाई आज."

"अप्पा, मला पाचची गाडी..."

"घास."

उटगेसरांनी बाह्या वर केल्या. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि पातेल्यात कोपरापर्यंत हात घातला. बुडाला आमटी लागली होती. तीन दशकं खडू धरलेला हात, दहा मिनिटांत भरून आला. पण घासायची पद्धत हात विसरला नव्हता. आधी काठ, मग बूड.

तीन वर्षं त्यांनी हेच पातेलं घासलं होतं. तेव्हा ते याच गावात कॉलेजला होते. बाप आपल्या गावचा माजी सरपंच, घरात कर्ज आणि बाहेर ताठा. पंगतीत भिकाऱ्याशेजारी बसायचं म्हणजे मरणच. म्हणून मन्मथ पंगत उठल्यावर यायचा, तीन वाजता. अप्पा, भांडी घासू लागू का? सुट्टीत घरी गेल्यावर आई विचारायची, जेवतोस कुठं? तो सांगायचा, मठात जरा कामाला जातो, उपाशी नाही.

शेंडी हातातच राहिली.

"दोन उरल्यात," अप्पा मागून म्हणाले, दुरडीकडे न बघता. "टाकायच्या का खातोस?"

शब्द न् शब्द तोच. तीन वर्षं रोज ऐकलेला.

सरांनी दुरडीवरचं फडकं उचललं. ज्वारीच्या दोन भाकरी, वर मिरचीचा ठेचा. हात न धुताच ते खाली बसले.

"आज पंगतीत कुणी ताटात टाकलं का रे?" अप्पांनी विचारलं.

"इथं कोण टाकतंय? ताट धुऊन पितात सगळे."

"तुझ्या वेळी?"

"तेव्हाही तसंच. तेव्हा तर जास्तच. धान्य कमी होतं, मठाची समिती माणशी पीठ मोजून द्यायची."

"मग उरायच्या कशा?"

सरांनी दुरडीकडे पाहिलं.

"तीन वर्षं, रोज दोन... गणित शिकवतोस न्हवं तू?"

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. सर भाकरीकडे बघत होते. ज्या मठाचा दाखला देऊन त्यांनी वजनकाटा आणला, ज्या मठाच्या जोरावर त्यांनी सोजरबाईला मोजायला शिकवलं, त्या मठात त्यांच्यासाठी रोज दोन भाकरी चुकीनं जास्त होत होत्या. आणि हे त्यांना कळायला एक पोरगी जमिनीवर पडावी लागली.

अप्पांनाही इथं दोषातून सोडता येत नाही. चाळीस वर्षांत एकदा सांगितलं असतं, तर हा माणूस वेगळा मास्तर झाला असता. म्हातारी माणसं गप्प बसतात आणि त्याला मोठेपण म्हणतात.

सरांनीही तेच विचारलं. "सांगितलं का नाही मला?"

"तेव्हा सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतास?"

"नंतर?"

अप्पांनी चुलीतली राख पुन्हा ओढली. "ते चुकलं," ते म्हणाले.

सरांनी एक घास मोडला.

"सोजरबाईला मोजता येत होतं..." ते स्वतःशीच म्हणाले. मग वर बघून : "पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे लोक अन्नबचतीच्या पुरस्कारासाठी तो फळा बघायला येणार आहेत, अप्पा. खिडकी बंद केली तर शून्य परत येईल, पण पोळ्या पुन्हा जास्त केल्या तर नाही. पुरस्कार जाईल."

"जाऊ दे की."

"आणि सुकेशनीला काय सांगू? आज जातो. पाय धरून माफी मागतो."

"माफी मागशील तर बापासमोर, गावासमोर ती उपाशी ठरंल. तेवढ्यासाठीच ती घरी जाऊन बसलीय."

"मग?"

"सांग, भांडी घासायला माणूस न्हाई. तीन वाजता लागतंय."

"आणि सोजरबाईला?"

"तिची माफी माग."

सरांनी अर्जाचा कागद पुन्हा खिशात घातला, सोमवारी सही करायची नाही असं ठरवून. पाचच्या गाडीला अजून अवकाश होता. एक भाकरी संपली होती. दुसरी त्यांनी अप्पांपुढे धरली.

"ही तुम्ही घ्या."

"नको."

"अर्धी तरी. सकाळपासून चुलीपुढे आहात, भूक लागली असेल."

अप्पांनी हातातली राख झटकली.

"तुझ्या तीन वर्षांत माझी दुपारची भूक मेली. परत आली न्हाई."