सत्तावन्न किलोचा रकाना

“…मग निकाल का नाही लिहिला, वस्ताद?”

मगदूम सरांनी वही पुढं सरकवली. कॉलेजच्या कुस्तीचा इतिहास त्यांना छापायचा होता, शेवटी यंदाच्या हंगामाचं वेळापत्रक जोडून. दाजीबा वस्तादांनी सालोसालच्या लढती आपल्या हातानं वहीत उतरवलेल्या. नेमकी ज्या साली विजेतेपदाची ढाल कॉलेजात आली, त्या सालच्या पानावर तारखा होत्या, गावं होती, आणि सत्तावन्न किलोचा रकाना तेवढा कोरा.

वस्तादांनी वही मिटली.

सर वस्तादांच्या हाताखाली याच तालमीत घडलेले. पण प्रशिक्षक झाल्यापासून स्वारी नाकावर माशी बसू देत नव्हती.

“यंदा ढाल पुन्हा आणतो. सहा स्पर्धा, दहा आठवडे. सगळे गट भरलेत.”

“सत्तावन्नला कोण?”

“हणमंत.”

“तो एकसष्टचा गडी आहे.”

“परवा वजन आहे. चार उतरवायचेत, अडीच उतरले. कालपासून पाणी बंद केलंय.”

“तो काय म्हणाला?”

“हो म्हणाला.”

दारातून मैदान दिसत होतं. भर उन्हात हणमंत दोन स्वेटर घालून पळत होता. वजन घटावं म्हणून मधेच थांबून डब्यात थुंकायचा. तोंडात आता थुंकीही सुटत नव्हती. सरांनी तिकडं पाठ केली.

“भैरूही हो म्हणाला होता,” वस्ताद म्हणाले.

“कोण भैरू?”

“त्या कोऱ्या रकान्यातला… पाणी मीच बंद केलं होतं. शेवटची कुस्ती त्यानं चितपट मारली. पंचानं त्याचा हात वर केला. मग तो खाली बसला…”

“मग?”

“उठला नाही.”

हे आपल्याला कुणी कधी सांगितलं कसं नाही, असं सरांना वाटलं. मग वाटलं, आपण तरी कधी विचारलं. ढालीबरोबर फोटो मात्र दरवर्षी काढला.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. कपाटातली त्या सालची ढाल काढून त्यांनी वजनकाट्यावर ठेवली.

“वाच.”

“चार किलो… वर शंभर ग्रॅम.”

“शंभर ग्रॅम धूळ असेल. चार तर तुला हणमंतचेही उतरवायचेत.”

बाहेर हणमंतची पावलं वाजत होती, आता सावकाश.

“सत्तावन्न रिकामा सोडला तर संघाचे गुण जातील, ढाल गेली, वस्ताद.”

“गेली.”

सरांनी कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला. दारात जाऊन हणमंतला हाक मारली. तो आला, तांब्याकडं बघितलं, मग सरांकडं. हात पुढं केला नाही.

“सर, पारखताय व्हय मला? न्हाई पिणार मी.”

सरांनी तांब्या त्याच्या हातात दिला.

“पी बाबा. एकसष्टलाच खेळ.”

तो उभ्या उभ्याच प्यायला. अर्धं पाणी छातीवर सांडलं.

सर आत आले. त्यांनी वेळापत्रकाचा कागद समोर पसरला.

“वस्ताद… आता सत्तावन्नच्या रकान्यात काय लिहू?”

वस्तादांनी आपली जुनी वही त्याच पानावर उघडली आणि कागदाशेजारी ठेवली.

“छत्तीस वर्षं झाली, मला सुचलेलं नाही… तुला सुचलं, तर माझ्याही वहीत लिही.”