तक्रारीचा फोन

इचलकरंजीच्या मगदूमशेठांच्या सूतगिरणीत नवी फोनयंत्रणा बसणार होती. बाहेरच्या सगळ्या लाइनी इंटरनेटवरून घ्या, जुनी तारेची लाइन तोडून टाका, असा फोन कंपनीच्या पारसनीस साहेबांचा हेका होता. शेठ सही करणार, तोच वीस वर्षं गिरणीचा फोन सांभाळणाऱ्या इंदूताईंनी कुतूहलानं विचारलं,

"साहेब, इंटरनेट बंद पडलं तर तुम्हाला कळवायचं कुठं?"

"कार्डावर आमच्या तक्रार विभागाचा नंबर आहे. तो फोन कधीच बंद पडत नाही," साहेब ऐटीत म्हणाले.

ताईंनी कार्ड न्याहाळलं. "हाही इंटरनेटवरचाच का?"

"छे, तो जुन्या तारेवरचा. तक्रारीचा फोन बंद पडून कसं चालेल?"

"मग आमच्या गिऱ्हाइकाचा फोन बंद पडून कसं चालेल?"

शेठांनी उघडलेल्या पेनाला हळूच टोपण लावलं.