न ऐकलेल्या नादाची घंटा

एका राज्यात धुके उतरले, ते परत गेलेच नाही. धुक्यात शिरलेली माणसे राजघंटेच्या नादावर वाट धरून घरी येत; पण तो नाद आता धुक्याला पाठ झाला होता. घंटा वाजली की धुके तो गिळून टाकी. अंबू ओतारणीचा नवरा आठ दिवस आत हरवला होता.

राजा वज्रसेनाने ओतशाळेला फर्मावले, "कधी न ऐकलेल्या नादाची घंटा ओता. तीनदा ओतून पाहा, चौथ्यांदा नाही."

ओतशाळेतले काम बिनचूक व्हावे म्हणून त्याने वर्षभरापूर्वीच मांत्रिकाची काळी साळुंकी तिथल्या तुळईवर बसवली होती. दिसलेली चूक ती ओरडून सांगे, आणि चुकणाऱ्याचा आवाज कायमचा जाई. म्हणून रीतच पडली: तडकलेला तुकडा ज्याने त्याने आपल्या बैठकीखाली पुरायचा, शेजाऱ्याला दाखवायचा नाही. तुकडा मातीत गेला की साळुंकी थोडी फुगे.

पहिली घंटा अंबूने भीतभीत जुन्याच साच्यात ओतली. धुक्याने तिचा नाद गिळला.

दुसरी तिने पडद्याआड, एकटीने ओतली. ती थंड होताना तडकली. अंबू तुकडा पुरू लागली, तोच मातीखालून कोणीतरी तो ओढला. वर साळुंकी फुगू लागली, जणू पुरलेली चूक तीच गिळत होती.

अंबूने तुकडा हिसकावला आणि सगळ्यांमध्ये आणून टाकला.

"राघोजीकाका, माझं कथील जास्त पडलं. बघा तरी."

"गप्प बस बये, ती ऐकतेय!" शेजारचा सोमा पुटपुटला.

"ऐकू दे. तिच्याआधी मीच सांगते."

साळुंकीने चोच उघडली. सांगायला काहीच उरले नव्हते.

राघोजीकाकांचा आवाज तीन महिन्यांपूर्वीच गेला होता. त्यांनी मुकाट्याने आपली बैठक उकरली आणि आपला तुकडा पुढे ठेवला. त्यात तांबे जास्त होते. मग एकेक जण उकरू लागला.

"माझ्या घंटेचा तर टांगायचा कानच तुटला," सोमा म्हणाला. "हसाल तर खबरदार!"

सगळे हसले. पुष्कळ दिवसांनी.

तिसरी घंटा त्या साऱ्या तुकड्यांची झाली. वाजताच पुष्कळ माणसे एकदम जागी व्हावीत तसा नाद उठला. धुक्याने तो कधी ऐकला नव्हता, ते फाटले. साळुंकीच्या चोचीतून अडकलेले आवाज एकामागून एक बाहेर पडले, आणि तुळईवर फक्त पिसे उरली.

"अंबे," राघोजीकाका घोगऱ्या स्वरात म्हणाले, "घंटा तिरकी टांगलीयस."

"मग धरा की दुसरं टोक!"

राजा दाराशी आला. "बिनचूक झाली?"

"नाही महाराज. नवी झाली."

राजाने मान खाली घातली आणि अंबूच्या हातातल्या घंटेच्या दोराला स्वतः हात लावला.

धुक्यातून अंबूचा नवरा चालत येत होता. तिने त्याला पाहिले, पण दोर सोडला नाही. अजून बरीच माणसे आत होती.