तांबड्या शेवाळाची टोके

"हे शेवाळ नवं आहे, हे कशावरून ठरवलंस?"

सखाराम कुबलांनी मान वर न करता विचारले. ते ओली वर्तमानपत्रे दोरीवर वाळत घालीत होते.

शर्वरी आगाशे हसली. तिच्या हातात चाळीस ओळींचे वर्णन होते. आजवर कोणत्याही पुस्तकात न आलेल्या वनस्पतीचे वर्णन. आणि चौथीपर्यंत शिकलेला म्हातारा तिच्याकडे पुरावा मागत होता.

"वाचून दाखवू, तात्या?"

"वाच."

किनाऱ्यावरच्या त्या संशोधन केंद्रात मोठमोठे प्राध्यापक येत आणि कुबलांना तात्या म्हणत. समुद्रातून आलेले शेवाळ कागदावर बसवावे ते तात्यांनीच. परातीत पाणी घ्यायचे, तळाशी जाड कागद सरकवायचा, वर शेवाळ सोडायचे, सुईने एकेक फांदी पसरायची आणि कागद अलगद उचलायचा. मग वर मलमल, वर्तमानपत्रे आणि दगड. शेवाळ आपल्याच चिकाने कागदाला धरून बसते. बेचाळीस वर्षे तात्यांनी दुसरे काही केले नाही. त्यांचा कागद पाहून परका माणूस विचारी, हे चित्र कोणी काढले?

शर्वरीला ते कागद फार आवडत. पण तात्यांना काही विचारावे, असे तिला कधी वाटले नव्हते. आजही ती विचारायला आली नव्हती. एक बातमी द्यायला आली होती.

ती वाचू लागली.

"रंग गडद तांबडा. उंची वीतभर. फांद्या एकाच पातळीत, पंख्यासारख्या पसरलेल्या. फांद्यांची टोकं झिजलेली, तुटकी…"

दोरीवरचा तात्यांचा हात थांबला.

"शेवटचं पुन्हा वाच."

"टोकं झिजलेली, तुटकी. तीस वाव खोल पाण्यातलं आहे, तात्या. प्रवाहानं झिजत असतील."

"हं…"

"टोकांचं काही नाही. मुद्दा पंख्याचा आहे. या घराण्यातली बाकीची शेवाळं झुडपासारखी चोहीकडे फुटतात. हे एकटंच सपाट. म्हणून नवं. उद्या वर्णन धाडते. आणखी एका विद्यापीठातही हे पोचलंय म्हणतात. जो आधी छापेल, त्याची जात."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "आणि याला नाव तुमचं देणार आहे. कुबलांचं शेवाळ."

म्हाताऱ्याचे डोळे भरून येतील, अशी तिची अपेक्षा होती.

"नाव बरोबर आहे," तात्या म्हणाले. "वर्णनही माझंच आहे."

"म्हणजे?"

"पाणबुड्यानं हे वर आणलं, तेव्हा तू कुठं होतीस?"

शर्वरीने हातातले वर्णन खाली केले.

"बादलीत तोंड घालून बसली होतीस, बाय. बोट लागली होती तुला. हे शेवाळ तू पहिल्यांदा पाहिलंस ते माझ्या कागदावर."

तात्यांनी फळीवरची एक बाटली काढली. त्याच दिवशी आलेला दुसरा झुबका तिच्यात होता. औषधी पाण्यात त्याचा रंग उडून फिकट गुलाबी झाला होता. म्हणून शर्वरीने ती बाटली कधी उघडलीच नव्हती.

त्यांनी परातीत पाणी ओतले आणि झुबका त्यात सोडला.

तो क्षणभर तसाच पडून राहिला. मग उलगडू लागला. वर, खाली, आजूबाजूला, जिकडे जागा मिळेल तिकडे. गोल, भरगच्च झुडूप तयार झाले. शर्वरी श्वास धरून पाहत राहिली. इतके देखणे तिने काही पाहिले नव्हते.

पंखा मात्र कुठे दिसेना.

"सपाट… तुम्ही केलंत?"

"कागद सपाट असतो."

शर्वरी स्टुलावर बसली. तीन वर्षांची वणवण, बोटीचे हेलपाटे, उद्याचे टपाल… सगळे त्या एका शब्दावर उभे होते.

"मग हेही बाकीच्यांसारखंच झुडूप," ती हळूच म्हणाली. "यात नवं काय उरलं, तात्या?"

तात्यांनी खिशातली सुई काढून तिच्या हातात दिली.

"एक टोक सरळ कर."

तिने वाकून पाहिले. प्रत्येक फांदीचे टोक गळासारखे आत वळलेले होते. तिने सुईने एक टोक सरळ केले. सुई काढताच ते परत वळले.

"पुन्हा."

तिने पुन्हा केले. ते पुन्हा वळले.

तिसऱ्या वेळी तिने जोर लावून दाबून धरले. टोक मोडले. तिळाएवढा तुकडा परातीत तरंगू लागला.

शर्वरीने तो तुकडा पाहिला. मग भिंतीला टेकवून ठेवलेला, तात्यांनी हेच शेवाळ बसवलेला कागद पाहिला. त्यावरची टोके एकेक करून पाहिली. सगळी नेमकी तिथेच मोडलेली होती.

तात्या स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"बेचाळीस वर्षांत या हातानं टोक मोडलं नव्हतं," ते म्हणाले. "या एकाची सगळी मोडली…"

त्यांच्या आवाजात दुःख नव्हते. एखाद्या जबर पैलवानाबद्दल बोलावे, तसे ते बोलत होते.

शर्वरीने पेन काढले. पंख्याची ओळ खोडली. पेन कागदावर टेकवून ती तशीच बसून राहिली.

बाहेर भरतीचे पाणी पायरीला लागले होते…

तात्यांनी दोरीवरचे शेवटचे वर्तमानपत्र नीट केले.

"माझ्या सुईचं यानं जेवढं ऐकलं, तेवढं तू लिहिलंस, बाय. जे नाही ऐकलं, ते लिही."