लाटांनी घातलेला बांध

एका भल्यामोठ्या तळ्याकाठी कोळ्यांची एक वाडी होती. वाडी आणि पाणी यांच्यामध्ये गोट्यांचा उंच बांध होता. तो कोणा गवंड्याने घातलेला नव्हता. वादळी लाटांनीच तळातले गोटे वर फेकून फेकून रचला होता. त्यावरून होडी ओढायची नाही, खांद्यावर घेऊनच न्यायची, अशी वाडीची रीत होती.

तिथे एक नवी सून आली. मोठी तडफदार! जत्रेच्या सकाळी जिची होडी आधी पाण्यात उतरेल, तिला वर्षभर पहिलं जाळं टाकायचा मान मिळे. तो मान मिळवायला ती नुसती फुरफुरत होती.

"आत्याबाई, बांध फोडून वाट केली तर?"

"अगं, सगळे खांद्यावरूनच नेतात," सासू म्हणाली. "का नेतात, ते मला विचारू नकोस बाई!"

"मग झालं तर!" सुनेने पदर खोचला, फावडं घेतलं आणि दारासमोरचा बांध पार खालपर्यंत फोडला.

जत्रेच्या सकाळी बाकीचे धापा टाकत बांध चढताहेत, तोवर हिची होडी सर्रकन पाण्यात! एकच जल्लोष झाला. होडीला हार घालून लोकांनी ती वाजतगाजत अंगणात आणली. सुनेला आभाळ ठेंगणं झालं.

दुपारी वारा सुटला. बघता बघता लाटा पुरुषभर उंच उठल्या. इतरत्र त्या बांधावर गोटे टाकून मुकाट मागे फिरत होत्या. पण फोडलेल्या वाटेतून पाणी धो धो आत घुसलं. कडेचे गोटे घरंगळले, वाट रुंदावत चालली.

"अगं, घर चाललं गं!" सासू किंचाळली.

आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतला, हे सुनेला कळून चुकलं. वाट बुजवायला हाताशी एकच गोष्ट होती. तिने हार घातलेल्या होडीकडे पाहिलं. जीव तुटला तिचा.

"ढकला!" ती ओरडली. "माझी होडी आडवी घाला वाटेत!"

सगळी वाडी धावली. होडी करकरली, पण अडकून बसली. आणि काय नवल! आता प्रत्येक लाटेसरशी खडखड खडखड गोटे तिच्यावर येऊन पडू लागले. दिवस मावळेपर्यंत होडी पार पुरली गेली आणि बांध पुन्हा उभा राहिला. लोक अक्षरशः नाचले!

होडी गेली ती गेलीच. पुढच्या जत्रेला सुनेने शेजारणीच्या होडीला खांदा दिला.

"ओढत का नाही न्यायची?" शेजारणीच्या लेकीने विचारलं.

सुनेने पायाखालच्या बांधाकडे बोट दाखवलं. "इथे माझी होडी आहे, म्हणून."

तात्पर्य काय, तर आडवी आलेली गोष्ट फोडण्याआधी तिने पलीकडे काय अडवून धरलंय, ते बघावं.