काशीमाईंचा घास

“पण माई, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं तरी कसं?”

काशीमाई चुलीशी बसल्या होत्या. नदीकाठच्या त्या मठीत त्या एकट्याच राहत; सारं गाव त्यांना गुरू मानी. नुकत्याच उतरवलेल्या भातावर त्यांनी झाकण ठेवलं आणि समोर बसलेल्या सगुणेकडे पाहिलं.

सगुणा गावातली गुणाची सून. कुणाचं बाळंतपण असो, कुणाकडे पुरण वाटायचं असो, सगुणेकडे शब्द टाकावा आणि निर्धास्त व्हावं. अंगात ताप असला तरी ती “येते हं” म्हणायची. चार घरांत तिचं नाव निघे. त्या नावाची तिला गोडी लागली होती, हे मात्र तिने स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

“काय झालंय ते धड सांग,” माई म्हणाल्या.

“जाऊबाईंनी वेणूसाठी स्थळ आणलंय. त्यांच्या माहेरचं. उद्या सुपारी फोडायला माणसं येतील.”

“मुलगा कसा आहे?”

“मुलगा कसला... तिजवर आहे.”

“पहिली बायको?”

“विहिरीत गेली. पाय घसरला म्हणतात.”

“आणि दुसरी?”

सगुणेची मान खाली गेली.

“तिचाही घसरला...”

“विहीर तीच?”

“तीच.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. माईंनी ते आत सारलं.

“आणि तू लेक द्यायला हो म्हणालीस.”

“काय करू, माई? ह्यांनी थोरल्या भावापुढं कधी तोंड उघडलं नाही. जाऊबाई चार बायकांत म्हणाल्या, ‘आमची सगुणा माझा शब्द खाली पडू द्यायची नाही हो!’ सगळ्या माझ्याकडंच बघत होत्या. हसत होत्या. मग मीही हसले... आणि मान हलली.”

“राग नाही आला?”

“आला की. गिळला.”

“गिळलेला तो राग गेला कुठं?”

सगुणा आपल्या उजव्या तळहाताकडे बघू लागली.

“काल वेणू म्हणाली, ‘आई, मला तिथं देऊ नकोस.’ मी तिच्या थोबाडीत मारली.”

“आता काय करते ती?”

“बोलत नाही. जेवत नाही. परड्यातल्या आमच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसते.”

“मग इथं कशाला आलीस?”

“तुम्ही चला, माई. जाऊबाईंना तुम्ही सांगा, योग जुळत नाही म्हणून. तुमचा शब्द त्या मोडायच्या नाहीत. म्हणजे त्या दुखावणार नाहीत, आणि... माझ्यावरही बोल यायचा नाही.”

माई हसल्या. त्या हसण्यात गोडवा नव्हता.

“वा गं! पोरही वाचावी आणि नावही राहावं. गावपंगतीतल्या पत्रावळीसारखी जन्मभर ज्याच्या त्याच्या पुढ्यात पसरलीस. आता उचलायलाही दुसरंच माणूस हवं?”

सगुणेच्या डोळ्यांना धारा लागल्या. माईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी झाकण काढलं, वरणभात कालवला, त्यावर तुपाची धार सोडली आणि एक घास तिच्या तोंडासमोर धरला.

“घे.”

“नको, माई. आज माझा सोमवार आहे.”

“माझ्या हातचा प्रसाद आहे.”

“कपाळाला लावते. संध्याकाळी महादेवाला बेल वाहिला की घेईन.”

“आत्ता घे. मी सांगते म्हणून घे.”

“लग्न झाल्यापासून मोडला नाही, माई. वेणूच्या वेळी कळा येत होत्या, तेव्हाही घोटभर पाण्यावर होते.”

माईंचा आवाज चढला. “गुरूचा हात मागं लोटतेस? गावभर सांगेन, सगुणेनं माझ्या प्रसादाचा अव्हेर केला म्हणून.”

“सांगा.”

“पुन्हा या मठीत पाऊल टाकू देणार नाही.”

सगुणेचा चेहरा पांढराफटक पडला. पदर तोंडाला न लावता रडता यावं, अशी जगात तिला एवढी एकच जागा होती. पण तिची पाठ ताठ झाली.

“नका टाकू देऊ. तरी नको म्हणजे नको!”

आवाज मठीच्या भिंतींना लागून परत आला... सगुणेने दचकून मागे पाहिलं, जणू दारात दुसरंच कुणी उभं राहून बोललं होतं.

मागे कुणी नव्हतं.

माईंचा हात हळूहळू खाली आला. तो घास त्यांनी स्वतःच्याच तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. वर गडूभर पाणी प्यायल्या.

“माई,” सगुणा कशीबशी म्हणाली, “हे देवाचं होतं म्हणून... देवाचं निराळं असतं...”

माई उठल्या. दाराशी गेल्या आणि अर्धवट लोटलेलं दार त्यांनी तिच्यासाठी सताड उघडलं.

“महादेवाला पुढचा सोमवार आहे, सगुणे. वेणूला उद्याचाच दिवस आहे.”