नाव नसलेले शस्त्र

एका राज्यात शस्त्रे आपल्याच धन्यावर उलटत असत. विकटाक्ष मांत्रिकाचा तसा शापच होता. बाण सोडणाऱ्याच्या छातीत परत येई, तलवार उपसणाऱ्याचा गळा चिरी. राजा सुधन्वा लढायला गेला, तो सैन्यासह पाषाण झाला. मग मांत्रिकाचा निरोप आला, "राजकन्येने शरण यावे."

राजकन्या उल्का म्हणाली, "येईन. शरण मात्र नाही."

ती वनात गेली. तिथे वृद्ध धनेश पक्षी बोलला, "मंत्रात धनुष्य, भाला, तलवार यांची नावे आहेत. ज्या शस्त्राला अजून नावच नाही, त्याला मंत्र बांधणार कसा? नागाच्या निधीतली लोखंडी नळी आणि गोळ्या आण. ज्वालादरीतून सोरा आणि गंधक आण. कोळशासह कुटलेस की ठिणगीने भडकणारी दारू होईल. आणि न विझणारी वात स्वतःच्या केसांची वळ."

नाग म्हणाला, "दृष्टीला दृष्टी भिडव." तिने भिडवली; अखेर नागानेच फणा खाली घातला. दरीने तळहात भाजले, तरी ती थांबली नाही. केस कापताना मात्र तिचे डोळे भरून आले.

नगर राखायला मागे राहिलेला वृद्ध सेनापती रणधवल नळी पाहून म्हणाला, "राजकन्ये, धुराने युद्ध जिंकता येत नाही."

"मग ढाल घेऊन माझ्यापुढे उभे राहा. ही नळी भरायला वेळ लागतो."

विकटाक्ष गडाच्या दारात उभा होता. उल्केने वात टेकवली. ठिणगी उडाली, धूर झाला. नळी मुकीच राहिली. मांत्रिक खदखदा हसला. त्याने आकाशातून दगडांचा वर्षाव केला. रणधवलाच्या ढालीचे तुकडे उडाले, खांदा रक्ताळला, पण म्हातारा जागचा हलला नाही.

"भरा, राजकन्ये!"

तिने पुन्हा दारू ओतली, गोळी सारली, गजाने ठासली.

"गुडघे टेक, पोरी!" मांत्रिक गरजला.

"टेकते," उल्का म्हणाली, "नेम धरायला."

गड हादरला. धूर विरला, तेव्हा विकटाक्षाच्या जागी मूठभर राख होती.

शाप तुटला. पाषाणांत श्वास भरला. राजा सुधन्वा डोळे चोळीत आला आणि कन्येच्या मुखावरची काजळी शेल्याने पुसू लागला.

"राहू द्या, महाराज," ती म्हणाली. "प्रजेला आधी पाहू द्या."

त्याच काळवंडल्या मुखाने ती नगरात शिरली, आणि कित्येक वर्षे मुके पडलेले नगारे झडू लागले.